राखी मानेचे कावळे

होळी होऊन आठवडा झाला नसेल, शालिग्रामची म्हैस शेतात पडली आणि पडली ती उठलीच नाही. छाया धावत गेली तेव्हा धुऱ्याजवळच्या, शेताच्या बांधावरच्या बाभळीखाली ती आडवी झाली होती. तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, डोळे उघडेच. ही म्हैस छायाच्या माहेरून वगार असताना आली होती, तिच्याच हातची वाढलेली. तिने म्हशीच्या मानेवर हात ठेवला आणि पहिलं नाव तिच्या तोंडून निघालं ते भगवानरावांचं.

भगवानराव शालिग्रामचे चुलतभाऊ, वयाने मोठे. दोघांची शेतं एकाच धुऱ्याला लागून आणि मधली विहीर सामाईक. आजोबांच्या काळापासून पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. यंदा मात्र विहिरीने लवकर तळ दाखवला. भगवानरावांनी बियाण्याचा कांदा लावला होता. तो पाण्यावाचून करपेल म्हणून त्यांनी शालिग्रामच्या पाळ्या आधी कमी केल्या आणि मग एके दिवशी मोटारीच्या पेटीला सरळ कुलूपच घातलं. शालिग्रामची म्हशीपुरती हिरव्या चाऱ्याची ज्वारी होती. तिची एक कापणी झाली होती. खुंटांना नवे फुटवे आले, पण पाणी तुटल्यावर ते वीतभर वाढून तिथेच खुंटले. त्यावरून दोघं भाऊ चार माणसांत भांडले. म्हैस मरण्याच्या आदल्याच दिवशी भगवानराव पाराजवळ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुह्यं ढोर माह्या कांद्यात पुन्हा दिसलं तं ते वापस घरी येनार नाई."

आणि दुसऱ्या दिवशी म्हैस घरी आली नाही. एवढ्यावर छायाला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

शालिग्रामने सांगितलं ते इतकंच, की म्हैस भगवानरावांच्या धुऱ्यापलीकडून आली आणि कोसळली. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला तर तो लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेला. तो म्हणाला, जनावर हलवू नका, संध्याकाळी येऊन पाहतो. शालिग्रामने फोन खिशात टाकला, डॉक्टरचा काही नेम नाही, एवढ्या उन्हात जनावर फुटेल म्हणाला, आणि ट्रॅक्टर बोलावून म्हैस नाल्याकाठी, ढोरं टाकायच्या पडीक जागेवर ओढून नेली. छाया तेव्हा पदर तोंडात कोंबून रडत होती. नवरा घाई करतोय, हे तिला दिसलं, पण कळलं नाही.

त्या दिवसापासून तिने घराला जणू कडी घातली. पाण्याच्या मडक्यावर झाकण, झाकणावर दगड. पिठाचा डबा उघडला की आधी नाक लावून पाहायची. भगवानरावांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, संक्रांतीच्या सुमारास लिंबाचं लोणचं दिलं होतं. अर्धी बरणी उरली होती आणि लोणचं झकास मुरलं होतं. छायाने ते उकिरड्यावर नेऊन ओतलं. शेजारणीने पाहिलं, तर तिलाही कारण सांगितलं. नळावर सत्यभामाबाई समोरून आल्या की छाया घागर उचलून दुसऱ्या बाजूला जायची. मोठ्या जावेशी असं वागायची तिची ही पहिलीच वेळ, पण जीव भ्यायला की माणूस रीत विसरतो.

गावाला मात्र हे अर्धंच पटलं होतं. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष रंगराव पोक्त माणूस. शालिग्राम त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, विष घालताना कोणी पाहिलं का? डॉक्टरने काही लिहून दिलं का? नुसत्या बोलण्यावर मी भावाभावांत काय न्याय करू, पुरावा आण. शालिग्राम घरी आला तो ओसरीवर डोकं धरून बसला. त्या दिवशी तो जेवला नाही. छायाला वाटलं, गाव आपल्या बाजूचं नाही, याचंच त्याला दुःख आहे.

त्यानंतर कावळे मेले.

छायाच्या दारासमोर जुना कडुनिंब आहे. त्यावर गावकावळ्यांचं बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्यांचं. सकाळी चूल पेटली आणि तव्यावर पहिली भाकरी पडली की ते वळचणीला येऊन बसत. छाया भाकरीचा तुकडा मोडून टाकायची. तिची सासू रुक्मिणीबाई, मोतीबिंदूने डोळे गेल्यासारखेच, पण कान पाखरासारखे. ती खाटेवरून विचारायची, आले का? लंगडा आला का? एका कावळ्याच्या पायाचं बोट तुटलेलं होतं. तो इतका धीट, की उंबऱ्यापर्यंत चालत यायचा. वारलेल्या सासऱ्यांचं बोटही कडबा कापताना गेलेलं, म्हणून रुक्मिणीबाई त्या कावळ्याला कोणाला हुसकू देत नसे.

त्या सकाळी वळचणीला कोणीच आलं नाही. छाया बाहेर आली तर निंबाखाली, हातपंपाजवळ आणि गल्लीतही कावळे पडलेले. एक अजून पंख घासत होता. तो तिच्या डोळ्यांदेखत निपचित झाला.

घटकेत गल्ली भरली. कोणीतरी म्हणालं, मेलेल्या म्हशीचं मांस खाऊन आले असतील, विष होतं ना तिच्या पोटात. हे बोलणं एका तोंडून दुसऱ्या तोंडात गेलं आणि परत येईपर्यंत सगळ्यांचंच झालं. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. रंगरावही आले. त्यांनी काठीने एक कावळा उलटा केला, मान हलवली आणि परवा संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसेल असं सांगून गेले. भगवानराव आपल्या ओट्यावरून म्हणाले, "म्या काईच केलं नाई." त्यांच्याकडे कोणी मान वळवली नाही. दुपारपर्यंत एका बाईने सत्यभामाबाईंची मागून नेलेली चाळणी न वापरताच परत केली, हेही गावभर झालं.

शालिग्राम गर्दीत उभा होता. छायाला वाटलं होतं, आता तो मोकळा होईल, काहीतरी बोलेल. तो फक्त पाहत होता, आणि कावळ्यांकडे नाही, माणसांकडे.

सगळे पांगल्यावर छायाने घमेलं घेतलं आणि एकेक कावळा पायाला धरून आत ठेवला. लंगडा हाताला लागला तेव्हा ती थोडी थांबली. सगळ्यांच्या माना राखेत बुडवून काढल्यासारख्या, छाती राखी, अंग सडपातळ. परसात खड्डा करून तिने ते पुरले आणि हात माती लावून घासले.

"आपलेच होते का?" रुक्मिणीबाईने खाटेवरून विचारलं.

"हाव, आत्याबाई. आपलेच."

म्हातारीने कान बाहेर निंबाकडे लावला. मग म्हणाली, "मंग ते म्हशीवर कायले गेलते? ते तं डोमाचं खानं."

म्हातारी बोलतच राहिली. गावकावळा माणसाच्या दारात जगतो. त्याला शिळी भाकरी, खरकटं, भाताचं शीत भेटतं. डोमकावळा रानातला, थोराड. मेलेल्या ढोरावर त्याचं राज्य. तिथं बारका गावकावळा गेलाच तर त्याला दूर बसावं लागतं, डोमाची चोच खायला कोण जाईल? इथं पोट भरत असताना आपले कावळे नाल्यापर्यंत कशाला मरायला जातील? छायाला ते ऐकायचं नव्हतं. कावळा तो कावळा, ती मनाशी म्हणाली, आणि म्हातारीचं डोकं आता चालत नाही, असंही तिने मनाशी म्हणून घेतलं.

पण बोलणं कानात गेलं होतं, आणि गेलेलं बोलणं काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेतात नुकत्याच मळलेल्या हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा, भरायला निघाली. नेहमीची वाट सोडून नाल्याकडून गेली. आपण इकडून का चाललो, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

वास आधी आला. मग तिला म्हशीची फासळी दिसली आणि फासळीवर डोमकावळा. काळाकुळकुळीत, मानेवर राखेचा ठिपका नाही. चोच जाड, वर कमान आलेली, कपाळ चढलेलं. त्याच्याजवळ दुसरा होता, आणि पलीकडे बाभळीवर आणखी. गावकावळ्यासारखी किरकिरी काव काव नव्हती त्यांची. घशातून, खोल, खरखरीत आवाज येत होता. एकाने मांसाचा लांब पट्टा ओढला, पायाखाली दाबला आणि निवांत तोडून खाऊ लागला. छाया जवळ गेली तेव्हा तो उडाला, पण फार लांब गेला नाही. सावलीत कुत्री पडली होती. गल्लीतलं फाटक्या कानाचं कुत्रं त्यांत होतं. पोट इतकं टम्म, की त्याने नुसती शेपटी आपटली.

सगळे जिवंत होते. इतके दिवस त्याच म्हशीवर पोट भरणारे सगळे जिवंत, आणि दारात भाकरी खाणारे मेले.

छाया उन्हात उभी राहिली. तिने स्वतःलाच खोटं पाडायचा खूप प्रयत्न केला. डोमाला विष चढत नसेल. पण मग कुत्र्यांना? विष आतड्यातच राहिलं असेल. पण आतडी तर पहिल्याच दिवशी गेली असणार. मग आपल्या कावळ्यांनी विष खाल्लं कुठं? भगवानरावांच्या घरी? म्हणजे त्यांनीच कावळे मारले? आपल्याच गळ्यात फास अडकवायला? इथपर्यंत येऊन तिचा विचार थांबला, कारण पुढे जी वाट होती ती तिच्या स्वतःच्या घराकडे जात होती.

कुटार भरायचं राहिलं. ती चाऱ्याच्या ज्वारीत गेली. पाण्यावाचून खुंटलेले फुटवे एका ठिकाणी गोल भुईसपाट खाल्लेले होते, जणू कंपासाने वर्तुळ काढावं तसे. वर्तुळाच्या मधोमध खुंटी ठोकलेली होती. तिच्या घरची, लोखंडी कडीची. भोवती खुरांचे ठसे. धुऱ्यापलीकडे, कांद्याच्या वाफ्यात, एकही ठसा नव्हता.

शेतकऱ्याच्या पोरीला हे सांगावं लागत नाही. तिचे वडील तर अशा खुंटलेल्या ज्वारीजवळून जनावर नेताना दावं आखूड धरायचे. पाण्यावाचून सुकलेला तो कोवळा फुटवा जनावराला बाधतो आणि बाधला तर दवाखान्यात न्यायलाही वेळ देत नाही, हे तिला ठाऊक होतं. शालिग्रामलाही ठाऊक होतं. म्हणूनच तिला अजून खरं वाटेना. त्याने जाणूनबुजून म्हैस तिथे कशी बांधली असेल?

रात्री तिने त्याला जेवायला वाढलं आणि त्याच्या हातांकडे पाहत राहिली. तेच हात, रोजचेच. "काय पाहून राह्यली?" त्याने विचारलं. काही नाही, म्हणून तिने वरण वाढलं. ती जेवायला बसली तेव्हा भाकरी मोडून आधी वास घेतला, आणि मान वर केली तर तो तिच्याकडेच पाहत होता.

बैठकीच्या दिवशी सकाळी कुरडया घालायच्या होत्या. गव्हाचा चीक तयार होता, टाकून देणं जिवावर आलं. दरवर्षी ती गोठ्याच्या पत्र्यावर जुनं लुगडं अंथरून कुरडया घालायची. झाडायला म्हणून ती शिडीवरून वर चढली. पत्र्याच्या पन्हाळीत भाकरीचे कुटके पडले होते. वाळून कडक झालेले, पण कडेला तेलकट निळसर डाग, आणि त्यांच्याभोवती मेलेल्या मुंग्यांची काळी रेघ. तिने वाकून वास घेतला आणि तिथेच पत्र्यावर बसली. तो वास तिच्या घरातलाच होता. कपाशीवर फवारून उरलेल्या औषधाची बाटली गोठ्यातच आढ्याला टांगलेली असायची.

ती खाली आली. बाटली जागेवर होती. तिच्यावरची धूळ मात्र बोटांनी पुसली गेलेली.

तिने रुक्मिणीबाईच्या खाटेजवळ बसून हळूच विचारलं, कावळे मेले त्याच्या आधी गोठ्यावर कोणी चढलं होतं का? म्हातारी म्हणाली, हो, शाल्या चढला होता. तू नळावर गेली होतीस. पत्रा वाजला, मग कावळे बोलावल्यासारखा त्याने आवाज काढला. मला बरं वाटलं. "म्हटलं, बापाची आठोन आली पोराले," ती म्हणाली. छायाने म्हातारीच्या अंगावरची चादर उगाच नीट केली आणि उठली.

दुपारी शालिग्राम गोठ्यात रिकाम्या गव्हाणीजवळ बसला होता. तिने कुटके कागदात बांधून आणले होते. तिने कागद त्याच्यापुढे उघडला. त्याने एकदा पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

"तुले कोनं सांगतलं?" तो म्हणाला.

"कोनीच नाई. मी वर कुरडया टाकाले गेल्ती."

हे ऐकून मात्र त्याचा चेहरा उतरला. कुरडयांचा विचार त्याने केला नव्हता. आपण त्या पत्र्यावर खायचा जिन्नस वाळवतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं, आणि त्याने विष घातलं यापेक्षाही ती या गोष्टीने जास्त भ्याली.

"म्हैस ज्वारीत बांधली तुमी," ती म्हणाली. "खुंटी अजून तिथंच हाय."

त्याने रिकाम्या गव्हाणीची कड हाताने पुसली. मग सांगू लागला, हळूहळू, जमिनीकडे पाहत. घरातला कडबा संपत आला होता. म्हैस उपाशी हंबरत होती. फुटवा बाधतो हे माहीत होतं. पण दोन घास खाऊ देऊ, भूक मोडली की सोडू, असं वाटलं. बाभळीखाली बसला आणि त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा म्हैस थरथरत होती. त्याने तिचं दावं सोडलं, ती बाभळीपर्यंत आली आणि पडली. तुला काय सांगू, हेच त्याला सुचेना. तू धावत आलीस आणि तूच भगवानरावांचं नाव घेतलंस.

छायाला ते आठवलं. नाव आधी तिनेच घेतलं होतं. तो हो म्हणाला होता, आणि म्हैस धुऱ्यापलीकडून आली, एवढं खोटं त्यात घातलं होतं.

"मंग रंगराव म्हने पुरावा आन," शालिग्राम म्हणाला. "म्या पुरावा आनला."

"घरचे कावळे मारून?"

"कावळेच तं होते." आणि मग आवाज चढवून, पहिल्यांदाच तिच्याकडे पाहून त्याने विचारलं, "पानी कोनं तोडलं? पानी असतं तं ज्वारी खुंटली असती का? मंग म्हैस कोनं मारली, तूच सांग."

त्यात थोडं खरं होतं, आणि ते थोडं खरं होतं म्हणूनच त्याने बाकीचं एवढं मोठं खोटं त्यावर रचलं होतं. ती इतकंच म्हणाली, की संध्याकाळी पारावर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. तो म्हणाला, तू माझ्याविरुद्ध बोलशील? तिने कागद दुमडून कनवटीला लावला. तो कागद तिने चुलीत टाकला नाही, हे त्याने नीट पाहिलं.

पारावर माणसं जमली होती. बाया एका बाजूला, सत्यभामाबाई त्यांच्यातही बाजूला, एकट्याच. भगवानराव खांबाला टेकून बसले होते. दोनच दिवसांत माणूस आटल्यासारखा दिसत होता. रंगरावांनी शालिग्रामला म्हटलं, बोल तुझी तक्रार. शालिग्राम उभा राहिला आणि उभाच राहिला. लोकांना वाटलं, त्याला भरून आलंय. शेवटी तो म्हणाला, "माही काई तक्रार नाई. म्हैस ज्वारीच्या फुटव्यानं मेली. म्याच बांधली होती."

कुजबुज उठली. तो खाली बसणार एवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, मग कावळे कसे मेले? शालिग्रामने ऐकलं नसल्यासारखं केलं. रंगरावांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. शालिग्राम खाली बसून माती उकरू लागला, आणि लोकांच्या माना पुन्हा हळूहळू भगवानरावांकडे वळू लागल्या. म्हैस मेली ती मेली, पण गावात विष तर कोणीतरी घातलंच ना, असं एक जण म्हणालाही.

तेव्हा छाया उठली. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, ती आजवर कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"मेले ते राखी मानेचे होते," ती म्हणाली. "आमच्या निंबावरचे. म्हशीवर डोमकावळे हायेत, ते जिते हायेत, कुत्रे बी जिते हायेत. जाऊन पाहा. आमचे कावळे आमच्या गोठ्यावरच्या भाकरीनं मेले." तिने कनवटीचा कागद काढून रंगरावांपुढे ठेवला. भाकरी कोणी टाकली, हे ती बोलली नाही. बोलायची गरज उरली नव्हती.

कोणी शालिग्रामला शिवी दिली नाही. रंगरावांनी कागद काठीने बाजूला सारला. गोठ्याचा पत्रा धुऊन घे, बाटली नेऊन पूर, आणि सगळ्यांसमोर मोठ्या भावाची माफी माग, असं त्याला सांगितलं. शालिग्राम भगवानरावांपुढे वाकला. भगवानरावांनी पाय मागे घेतले. मग, सगळ्यांना वाटलं आता ते बरंच सुनावतील, तर ते म्हणाले, "पेटीले कुलूप म्या लावलं होतं." त्यांनी खिशातून किल्ली काढून पारावर ठेवली आणि बायकोला घेऊन घरी निघून गेले.

तंटा मिटला, असं समितीने ठरवलं. पण गावाला जे कळायचं ते कळलं होतं. छायाने घरातच, पंख्याखाली कुरडया वाळवल्या आणि रिवाजाप्रमाणे शेजारी वाटायला नेल्या. बायांनी ताटं घेतली, गोड बोलल्या, आणि कोणाच्याही कढईत त्या कुरडया तळल्याचा वास तिला आला नाही. तिला राग आला नाही. तिने स्वतः तरी काय वेगळं केलं होतं?

सत्यभामाबाई एकदा रुक्मिणीबाईला भेटायला म्हणून आल्या. म्हातारीशी बसून बोलल्या. निघताना दारात थांबून छायाला म्हणाल्या, "माह्या हातचं लोनचं फेकलं म्हने तू. भांडन मानसाचं होतं बाई, पान्याचं होतं. माह्या हातात ईख हाय, हे तुह्या मनात तरी काऊन आलं?" छायाने चुकलं म्हणून हात जोडले. सत्यभामाबाईंनी मान हलवली, ती माफ केल्याची की नाही, ते छायाला समजलं नाही.

विहिरीच्या पाळ्या पुन्हा जुन्यासारख्या झाल्या. पाणी आलं तरी त्या ज्वारीकडे पाहवेना, म्हणून नवराबायकोने ती उपटून टाकायचं ठरवलं. शालिग्राम एका कडेने उपटत आला, छाया दुसऱ्या. ऊन वर आलं तेव्हा तो मधोमध थांबला, कपाळ पुसलं आणि पाणी मागितलं. तिने बाभळीच्या सावलीतल्या घागरीतून तांब्या भरून दिला.

त्याने तांब्या हातात घेतला, तोंडाशी नेला आणि थांबला. आतल्या पाण्याकडे पाहिलं. थोडा वेळच, पण तिने ते पाहिलं. तिने तांब्या त्याच्या हातून परत घेतला, वरून धरून दोन घोट प्याली आणि उरलेलं पाणी त्याच्या हातात दिलं. मग तो प्याला.